बटणातलं जीरावण

भावजी, तुमच्या दादांच्या गाडीची सीट मी बिघडवली होती. बारा वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याने. तेव्हा मी अवघी त्रेसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती.

तुम्हाला यात नवीन काही नाही. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं, आणि तुम्ही ते पोटात ठेवून गेलात. धाकट्या दिराने थोरल्या वहिनीच्या खोड्या पोटात घालायच्या, ही आपल्या घरची जुनी वाटणी. पण तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले, आणि घरात तुमचं नाव निघालं की अजून कोणीतरी म्हणतं, "बाळू माणूस सोन्यासारखा, कामात जरा इकडे-तिकडे." इकडे-तिकडे मी होते हो. तुमचं काम सरळ होतं.

तर आधी माझा गाढवपणा नीट सांगते, कारण तुम्हीसुद्धा तो तुकड्या-तुकड्यानेच ऐकला आहे.

त्या वर्षी माझं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. डॉक्टर सांगून मोकळे झाले. अंमलबजावणी तुमच्या दादांकडे. चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस, रिटायर झालेला, वर गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे घरी बसलेला. त्यांना एक प्रयोग हवाच होता, तो मी झाले. शेवेचा डबा कपाटात, लोणच्याची बरणी माळ्यावर, माझ्या वरणातलं मीठ चिमटीत धरून उजेडात बघायचे. इंदुरात राहून शेव नाही! तुरुंगात तरी काही मिळत असेल.

मग मी वाट काढली. भाजी आणायला गाडी मीच न्यायचे. येताना कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांच्या अलीकडे एक ठेला लागायचा. तिथून पोह्यांचं पार्सल, वर शेव, आणि जीरावणाची वेगळी पुडी. ठेलेवाला लांबूनच ओरडायचा, "माताजी, जीरावन एक्स्ट्रा?" आणि मी मान हलवायचे. घरी कंपाउंडात गाडी लावली की ड्रायव्हरच्या सीटवर स्टिअरिंग पोटाला लागायचं, म्हणून मी शेजारच्या सीटवर जाऊन बसायचे. माझी उंची तुम्हाला ठाऊक. पाय खाली टेकत नाहीत. मग सीटच्या कडेचं बटण दाबायचं, सीट घूंऽऽ करत पुढे, आणि समोरचा डॅशबोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल. दादांना सांगून ठेवलेलं, "घरात तुमचा टीव्ही चालू असतो, मी गाडीत बसून जप करते." त्यांनी विश्वास ठेवला. चाळीस वर्षांत देवाला नीट निरांजन न लावलेली बायको एकदम एवढी भाविक कशी झाली, हा प्रश्न त्या विज्ञानाच्या माणसाला पडला नाही.

त्या दिवशी मी पुडी फोडली आणि व्हरांड्यात काठीचा आवाज आला. दादा बाहेर येत होते. मी घाबरून पुडी सीट आणि दार यांच्या फटीत कोंबली. ती उलटी झाली, आणि अख्खं जीरावण बटणांवर. मी पदराने झटकलं. पदराने झटकलं की पाप जातं, अशी तेव्हा माझी समजूत होती. सीट मागे घ्यायचीही विसरले. तोंड पुसत, ओठ हलवत, जप संपवून उतरले.

आणि दुसऱ्या दिवशी दादांचा सत्कार.

जुन्या विद्यार्थ्यांनी ठेवला होता, सकाळी साडेदहाला. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी पहिल्यांदा घराबाहेर. दादा सहालाच तयार. बंद गळ्याचा कोट, खिशात भाषणाचे कागद. पाय मात्र अजून वाकत नव्हता, लाकडी पट्टीसारखा सरळ. पुढची सीट पार मागे गेली तरच तो पाय गाडीत मावायचा. मी बटण दाबलं. सीट ढिम्म. पुन्हा दाबलं. रात्रभर पाऊस होता, हवा ओल्या पोत्यासारखी. सीट माझ्या मापाने पुढे अडकलेली, आणि मी ओल्या अंगणात उभी राहून मनातल्या मनात पुडी आठवत होते.

म्हटलं, "मागे बसा, पाय सीटवर लांब करून."

"सत्काराला पोत्यासारखा आडवा जाणार नाही," म्हणाले. रिक्षाचं नाव काढलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तुम्हाला फोन. जुनी इंदूर भागातल्या दुकानातून तुम्ही स्कूटरवर पंधरा मिनिटांत हजर. त्याच सीटखालची वायर तुम्ही महिन्याभरापूर्वी जोडून दिली होती. मुलाने पुण्याहून त्याची जुनी गाडी आमच्याकडे पाठवली, तेव्हा सीट सरकते त्या रुळावर घासून घासून ती वायर सोललेली होती. तुम्ही नवा तुकडा घालून, वर नळी चढवून, पुन्हा घासणार नाही अशी बांधून दिलीत, आणि दादा वाकून बघून म्हणाले होते, "ठीक आहे." ते "ठीक आहे" तुम्ही दोन दिवस खिशात घालून फिरलात. मला माझ्या जावेने, कुंदाने सांगितलं होतं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून वायरींच्या दुकानात बसलेल्या धाकट्या भावाला थोरल्याने आयुष्यात दिलेली ती पहिली पावती.

तुम्ही आधी फ्यूज बघितला. नीट. मग दार उघडं ठेवून मला म्हणालात, "वहिनी, वर छतातल्या दिव्याकडे बघा, मी बटण दाबतो. हलला का उजेड?"

"नाही."

"जरासुद्धा मंद नाही?"

"नाही हो."

"म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. मधे कुठेतरी तुटलंय." आणि तुमचा चेहरा उतरला. मधे कुठेतरी म्हणजे तुमचाच जोड, हे दादांनीही लगेच ओळखलं.

बॅटरीची वायर काढून तुम्ही थोडा वेळ थांबलात, मग सीटखालच्या प्लगांना हात घातला. एवढ्या घाईतसुद्धा थांबलात. दादा घड्याळ बघत होते. तुम्ही गालिच्यावर गाल टेकवून, बोटाने चाचपत जोड शोधलात, सोललात, मीटर लावला. जोड पक्का होता. दहा वाजले. साडेदहा वाजले. शेवटी तुम्ही मोटरला वेगळी वायर लावून सरळ वीज दिलीत आणि सीट मागे सरकली. तोवर बारा वाजले होते. दादांनी कोट काढला, घडी घातली, आणि व्हरांड्यातून म्हणाले,

"वडील खोटं नव्हते बोलत. हा हात लावेल ते बंद पडेल."

मी तिथेच होते, भावजी. कालच्या पदरावरचा हळदीचा पिवळा डाग अजून गेला नव्हता. एक वाक्य बोलले असते तर तुमच्यावरचं ते वाक्य पुसलं गेलं असतं. बोलले नाही. मिठाच्या भीतीने. आता हसू येतं. नवरा काय करणार होता? वरणातलं उरलेलं मीठ काढून घेतलं असतं, एवढंच ना!

त्या दुपारी ऊन पडलं आणि बटण आपलं आपण चालू झालं. तुम्ही हैराण. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. दादा म्हणाले, मोठ्या वर्कशॉपला देऊ. तुम्ही म्हणालात, "दादा, एक दिवस द्या. फक्त एक." तुमचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. साठीला टेकलेला माणूस, अर्धं इंदूर ज्याच्याकडे गाड्या आणायचं, आणि भावाकडे एक दिवस मागत होता.

गाडी मीच तुमच्या दुकानी आणली. तुम्ही चहा सांगितलात, हत्यार उचललं नाही. स्टुलावर बसून नुसतं म्हणत होतात, "सकाळी बंद, दुपारी चालू. ओल असली की बंद, कोरडं झालं की चालू. ठीक. पण ओल आली कुठून? काचा बंद, गालिचा कोरडा." मग म्हणालात, "वायरीवर मी तीन दिवस फुकट संशय घेतला. माणसाचा हात रोज जिथे लागतो, ते आधी बघायला हवं होतं." आणि बटणांचा तो अख्खा डबा सीटवरून उतरवलात आणि उघडलात.

पितळेच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती ओलसर पिवळट लगदा. तुम्ही नाकाशी नेलात. मग शांतपणे माझ्यापुढे धरलात.

"वहिनी, वास घ्या."

"कसला?"

"हळद आहे, सुंठ आहे, आमचूर आहे. काळं मीठ तर आहेच, तेच हवेतलं पाणी ओढतंय. कंपनी हे आत भरून देत नाही."

"दादांचं असेल," मी म्हटलं. बघा, त्रेसष्टाव्या वर्षी काय धिटाई!

"दादा पोहे चमच्याने मोजून खातात. हे काम कलाकाराचं आहे." तुम्ही हसलात. "कृष्णपुऱ्याचा ठेला का?"

मी मान खाली घातली.

"मग ठीक आहे. निदान चांगल्या मालाने बिघडली."

मी रडायला लागले, आणि तुम्ही दुकानातल्या माणसांना म्हणालात, "अरे कुछ नहीं भिया, आँख में कचरा गया है भाभी के." मग ब्रश आणि स्प्रे घेऊन एकेक पट्टी घासलीत, वाळवलीत, पुन्हा बसवलीत. सीट घूंऽऽ करत मागे गेली, पुढे आली. मी म्हटलं, आज घरी गेल्यावर दादांना सांगते. एकदाच म्हटलं, आणि तेही हळू, म्हणजे तुम्ही नको म्हणावं म्हणून.

तुम्ही नको म्हणालात. वर अट घातलीत. "दादांना मी काही बोलणार नाही. पण चोरून खाणं बंद. दर गुरुवारी इथे यायचं, माझ्यासमोर पोहे खायचे, लिंबू पिळून. जीरावण नाही, शेव बोटभर. माझी एकच वहिनी आहे, तिला मिठात घालून ठेवायची नाही मला."

घरी येऊन दादांना सांगितलंत, "दादा, माझाच जोड लूज होता. चुकलो."

दादा म्हणाले, "वाटलंच."

मी स्वयंपाकघरात होते. चहा उतू गेला तो पुसत बसले, बराच वेळ.

भावजी, त्या गुरुवारांबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, टोमणे मारायची आहे. पण वर्षभरात माझं ब्लडप्रेशर खाली आलं, आणि डॉक्टर दादांचं कौतुक करत बसले! दर गुरुवारी मी स्टुलावर बसायचे आणि तुम्ही गाडीच्या पोटातून बोलत राहायचात. मला वाटायचं, वायरीची कामं म्हणजे पुरुषांचं गूढ. तुम्ही ते माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलंत. बटण दाबल्यावर छतातला दिवा मंद झाला तर समजायचं, वीज पोचतेय पण मोटर अडकलीय, म्हणजे पाट्यावर काहीतरी अडकलंय आणि वरवंटा सरकत नाही. दिवा हललाच नाही तर वीजच पोचत नाही, म्हणजे गॅस संपलाय, पातेल्याला दोष देऊ नका. आणि सीटखालचा पिवळा प्लग म्हणजे एअरबॅगचा, म्हणजे सासूबाई. विचारल्याशिवाय, बॅटरी काढून थांबल्याशिवाय, हात लावायचा नाही. आमच्या सासूबाई म्हणजे तुमची आई, पण हसलात तुम्हीच आधी.

एकदा एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आठवतं? त्यांची सीट अर्ध्यातच थांबायची. कुठल्या तरी वर्कशॉपने नवी मोटर टाका म्हणून सांगितलेलं. तुम्ही बटण दाबलंत आणि मी स्टुलावरून म्हटलं, "दिवा मंद झाला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "मग?" मी म्हटलं, "मग मोटर चांगली आहे, रुळात काहीतरी अडकलंय." तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलीत. पासष्ट वर्षांची मी, लुगडं सावरून, गुडघ्यावर, आणि रुळाच्या दातात लहान मुलीच्या केसांची क्लिप. त्या बाई तुमचे आभार मानायला लागल्या तर तुम्ही म्हणालात, "मैडम, फॉल्ट हमारी भाभीजी ने पकड़ा है." आयुष्यात मला चांगला स्वयंपाक करते म्हणालेत, चांगली दिसते म्हणालेत (एकदा, चुकून), पण फॉल्ट पकडला असं कोणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी मी घरी गाडी नेली ती दोन्ही काचा खाली करून.

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. दर दोन-चार महिन्यांनी माझ्या अंगात सत्य संचारायचं, आणि मी म्हणायचे, आता दादांना सांगूनच टाकते. तुम्ही टाळायचात. "राहू द्या वहिनी. दादा घरात बसून कंटाळतात. मी चुकलो की त्यांना दोन दिवस बरं वाटतं." मी म्हणायचे, ही काय दानशूर कर्णाची भूमिका? तुम्ही म्हणायचात, "तुम्ही पोहे खा."

एकदाच तुम्ही हसला नाहीत. गेल्या हिवाळ्यात. तुमची तब्येत तेव्हाच बिघडायला लागली होती, हातात वायर तपासायचा टेस्टलॅम्प होता. मी पुन्हा तोच विषय काढला. तुम्ही दिवा खाली ठेवलात आणि म्हणालात, "सांगून काय होईल? दादा म्हणतील, बरं, म्हणजे या वेळी बाळूची चूक नव्हती. 'या वेळी' म्हणतील. मला ते 'या वेळी' नकोय, वहिनी."

मी घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि मग सोडून दिलं. पुढच्या गुरुवारी बघू म्हटलं. असे किती गुरुवार मी पुढे ढकलले, आणि तुम्ही एक दिवस ढकलायलाच उरला नाहीत.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून दादा काही बोलत नव्हते. चौऱ्याऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं. आम्हाला वाटलं, थकले. तेराव्याला पंगतीत कोणीतरी ते "कामात जरा इकडे-तिकडे" म्हणालं. दादांनी ते ऐकलं. त्यांनी मान हलवली नाही, नाही म्हणूनसुद्धा हलवली नाही. कुंदा वाढत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही, पण तिचा हात थांबला, आणि मग ती पुढच्या पानाकडे गेली.

म्हणून काल सकाळी, चहाच्या वेळी, मी खुर्ची त्यांच्या बऱ्या कानाकडे ओढली आणि सगळं सांगितलं. पोहे, जप, पुडी, पदर, सत्काराची सकाळ. हिरव्या पडलेल्या पट्ट्या. तुम्ही खोटं का बोललात, तेही. "या वेळी" तेवढं सांगितलं नाही. ते तुम्ही माझ्याजवळ ठेवायला दिलं होतं.

बोलताना मला वाटत होतं, आता मिठावरून सुरुवात होईल. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, "किती वर्षं झाली?"

"बारा."

चहा गार झाला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग बोलले. तुमच्या दादांचं वाक्य मी नंतर सांगताना माझ्या पदरचं मीठ लावते, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून आत जाऊन लगेच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. जसंच्या तसं देते.

"सीट तू बिघडवलीस, त्याने दुरुस्त केली. तुमचा हिशोब तिथे मिटला. मी जे बोललो ते सीटमुळे बोललो नाही, ते लहानपणापासून माझ्या तोंडात तयार होतं. मी चौतीस वर्षं फळ्यावर सर्किटं काढली, पण खऱ्या वायरीत बिघाड कुठे आहे ते मला एकदाही सापडलं नसतं. त्याला सापडायचं. एवढं सांगायला तो निर्दोष ठरायची वाट मी कशाला बघायची? कुंदाला फोन लाव. आणि तू मधे बोलू नकोस, आज मी बोलतो."